डाव्या खांद्यावरचा रुमाल

बौद्धवाडी, कशेडी घाटाखाली, पो. पोलादपूर
ता. ४ मार्च १९७९

बाळ श्रीपत, जयभीम.

खुशाली विचारायची रीत आहे म्हणून विचारतो. कळवायची तुझी रीत नाही, हे आता आम्हांला पाठ झालं आहे.

महाडला छबिन्याच्या जत्रेत यंदा तंबूत सिनेमा लागला होता. तुझी आई, मी आणि तुझी जानकी मामी असे तिघं गेलो. तू त्यात आहेस याचा आम्हांला पत्ता नव्हता. असता तर अक्कानं धुवट लुगडं तरी नेसलं असतं. मध्यंतरानंतर गुदामातली मारामारी आली. चार गुंड पाठमोरे उभे. तुझी आई माझा दंड धरून म्हणाली, "काशा, ह्यो तिसरा आपला शिरपत."

मी म्हटलं, "अक्का, तुला चष्म्यातून दारातली म्हैस दिसत नाय, आणि पाठमोरा माणूस कसा वळखलास?"

"उभा कसा हाय बघ ना. एक पाय मोकळा सोडून. ल्हान होता तवापासून असाच उभा राहतो, कधी पळावं लागंल म्हणून."

तेवढ्यात तू वळलास. तूच. सहा वर्षांनी तुझं तोंड बघितलं, तेही भिंतीएवढं. मग हिरोनं तुला माडीवरून खाली टाकलं, तू खोक्यांच्या ढिगावर पडलास आणि परत उठला नाहीस. तंबूत शिट्ट्या झाल्या. मला वाटलं आता अक्का रडते. ती पदरानं चष्मा पुसत म्हणाली, "बरं झालं. जित्या माणसाची मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं. दर पिच्चरला मरत गेला तर शंभरी गाठंल माझा लेक."

बाहेर आल्यावर तंबूवाल्याला विचारलं, तो तिसरा गुंड कोण. म्हणाला, "किरण देव. नेहमीचा आहे तो. नाव कोण लक्षात ठेवतो, तोंड ठेवतात."

नावाचं मला काही वाटलं नाही. आपल्या आंबेडकरी जलशात मी सावकाराचं सोंग घ्यायचो तेव्हा मी तरी कुठे काशीराम असायचो? आणि तुला गमरे हे आडनाव सांगितल्यावर मुंबईतल्या रिकाम्या खोल्या कशा भरलेल्या निघायच्या, ते तूच पहिल्या पत्रात लिहिलं होतंस. पण सोंग उतरवायला घर लागतं बाळा. एकदा येऊन जा. ह्या पत्त्यावरून माझं एकही पत्र परत आलेलं नाही, म्हणजे कुणीतरी घेतं आहे, असं मी धरून चालतो.

तुझा काशीराम मामा


ता. १८ नोव्हेंबर १९७९

श्रीपत, जयभीम.

हे पत्र रागात लिहू नको असं जानकीनं तीनदा बजावलं आहे. म्हणून कालचं लिहिलेलं फाडून आज लिहितो आहे.

पोलादपूरच्या स्टँडवर भजी घेतली. ती ज्या कागदात बांधली होती त्यावर तुझा फोटो. कुठल्यातरी सिनेमाच्या मासिकाचं पान. खाली तुझी मुलाखत. आम्ही कौतुकानं तेल पुसून कागद घरी आणला, आणि मी अक्काला वाचून दाखवायला बसलो. पहिली ओळ वाचली आणि तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण माझी वाचायची सवय रात्रशाळेतली, शब्द दिसला की तोंडातून बाहेर पडतोच. "पुण्याच्या किरण देव यांचे आईवडील त्यांच्या लहानपणीच वारले."

तुझा बाप लहानपणी वारला हे खरं. उरलेलं अर्धं कुणाच्या जिवावर लिहिलंस?

अक्का भाकरी थापत होती. हात थांबला नाही तिचा. म्हणाली, "परत वाच." परत वाचलं. मग म्हणाली, "माझं आयुष्य वाढवलं म्हणायचं लेकानं." आणि हसली. जानकी उठून परसात गेली. मला जिभेवर राख पडल्यासारखं झालं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र. तुझ्या आईच्या पोटात गाठ आहे. महाडच्या डॉक्टरांनी हात लावून सांगितलं की मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्या, कापून काढतील, अजून वेळ गेलेली नाही. मी लगेच न्यायला तयार होतो. ती तयार नाही. "मुंबईत माझा लेक हाय. तो न्यायला आला तर जाईन. भावाच्या हातानं गेले तर लोक म्हणतील, पोरगा मेला काय हिचा." मी म्हटलं, "अक्का, हट्ट करायचं वय हाय का गो हे?" तर म्हणते, "मग कधी करू?"

आपल्या वाडीतला गणू ट्रक घेऊन मुंबईला येतो, त्याच्या हाती डबा पाठवला होता. तांदळाचे पापड आणि सुकट. गणू सांगत होता, तू दार अर्धं उघडलंस, डबा घेतलास, दार लावलंस. कमरेला हात लावून चालत होतास. त्या खोक्यांत काय भरलं होतं देव जाणे. गणू जिन्यात बिडी पेटवायला थांबला तर आतून नाक ओढल्याचा आवाज आला म्हणे. मी अक्काला कंबर सांगितली नाही, नाक सांगितलं. ती दोन दिवस पोटभर जेवली.

एक दिवस ये. बसमध्ये बसव, इस्पितळात सोड, आणि पाहिजे तर परत पुण्याचा हो.

मामा


ता. २० जानेवारी १९८०

बाळ श्रीपत,

आज घाईत लिहितो आहे, अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घे.

मुंबईहून सिनेमाची मंडळी येऊन कशेडीचा घाट बघून गेली. त्यांना रस्ता अडवून बसलेले गाववाले पाहिजेत. मी सरकारी रोडगँगचा मुकादम होतो, वळण न् वळण माझ्या ओळखीचं, म्हणून त्यांचा माणूस माझ्याकडेच आला. बोलता बोलता विचारलं, नट कोण कोण? त्यानं मोठी नावं सांगितली, आणि मग म्हणाला, "व्हिलनच्या जीपमध्ये किरण देव आहे."

मी त्याला चहा पाजला. तोंडावरची सुरकुती हलू दिली नाही.

तू घाबरशील म्हणून आधी लिहितो. माणसं गोळा करायचं मीच कबूल केलं आहे. वाडीतलं कुणी तुला नावानं हाक मारणार नाही. सगळ्यांना ताकीद दिली आहे. अक्काला घेऊन मी मागं उभा राहीन. तिला फक्त बघायचं आहे.

आठवतं, तू पहिल्यांदा जलशात उभा राहिलास ते? दासगावच्या जलशात, तुझी आई समोर पहिल्या रांगेत बसली आणि तू तिला बघून बोलायचं विसरलास. आपली खूण होती ना, बोलता बोलता कुणी अडकला की खांद्यावरचा रुमाल उजवीकडून डावीकडे टाकायचा. अडकलोय, सावरून घ्या. मग जो जवळ असेल त्यानं आत घुसायचं, काहीबाही बोलायचं, गड्याला सोडवायचं, आणि बघणाऱ्याला कळू द्यायचं नाही. तू एवढासा, रुमाल तुझ्या गुडघ्यापर्यंत लोंबत होता, पण टाकलास बरोबर. मी घुसलो, लोक हसले, वेळ निभावली. मागं गेल्यावर मी तुझा कान धरला होता. "तोंडाला रंग लागला की समोर आई नाय, बाप नाय."

तेच तुझी आई आता मला ऐकवते आहे. "रंग लागलेला असंल तर मी नाय बोलायची त्याच्याशी. मी काय अडाणी हाय?"

एकच मागणं आहे. काम आटपलं की घाटाच्या दुसऱ्या वळणावर मैलाचा दगड आहे, तिथं जीप थोडी थांबव. आम्ही तिथं असू. तिला एवढंच सांग, चल मुंबईला. उरलेलं मी करतो.

काशीराम मामा


ता. ६ फेब्रुवारी १९८०

श्रीपत,

तू तिथंच होतास. तरी आमच्या बाजूनं काय झालं ते तुला कळायला हवं.

सकाळपासून आम्ही रस्त्यावर बसलो होतो. माझ्या जुन्या ओळखीतले उमरठचे सयाजीरावही हौसेनं आले होते. मला म्हणाले, "काशीराम, सरकारी रस्ता अडवायला सरकारी माणूसच लागतो होय?" सगळे हसले. अक्का मागं, आंब्याखाली. ती पुढं यावी असं माझ्या मनातही नव्हतं. पण तुमच्या डायरेक्टरची नजर तिच्यावर पडली. "उस बुढ़िया को आगे लाओ." त्यांना तिचं तोंड आवडलं. आजारानं गाल बसले आहेत, तेच आवडलं असणार. तिला उठवून अगदी पुढं बसवलं आणि मला सांगितलं, जीपमधून गुंड उतरेल, बुढ़ियाला हाताला धरून बाजूला ढकलेल. समजावा तिला.

मी समजावलं. ती म्हणाली, "कुठला गुंड?" मी म्हटलं, "तिसरा." तिनं पदर नीट केला.

तू उतरलास. गळ्यात तांबडा रुमाल. तिला बघितलंस. तुझा पाय मोकळा होता तो जमिनीला टेकला, ते मी बघितलं. तू येऊन तिचा दंड धरलास आणि तसाच राहिलास. डायरेक्टर ओरडला, पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. "ए बुढ़िया, हट," एवढंच तर बोलायचं होतं. मंडळी चिडली. छत्रीखाली बसलेला त्यांचा माणूस कुणाला तरी म्हणाला, "ह्याची कंबर गेली, आता डोकंही गेलं. दुसरा बघा." ते मला ऐकू आलं, तर तुला आलंच असेल.

आणि तिसऱ्या वेळी तू गळ्यातला रुमाल सोडलास आणि डाव्या खांद्यावर टाकलास.

माझ्या अंगात किती वर्षांनी जलसा उभा राहिला, सांगता येत नाही. मी गर्दीतून पुढं घुसलो, हात जोडले, म्हटलं, "साहेब, म्हातारी बहिरी हाय. तिला कशाला? मला ढकला." तू एक क्षण माझ्याकडं बघितलंस आणि मला असं ढकललंस की मी खडीवर जाऊन पडलो. कोपर अजून सोलपटलेलं आहे. डायरेक्टर म्हणाला, "अच्छा है, रहने दो." तुझं काम वाचलं. सयाजीराव मला उचलायला आले आणि कानात म्हणाले, "अरे, पडायचं नाटक करायचं होतं, खरं कशाला पडलास?"

मैलाच्या दगडापाशी आम्ही उन्हं उतरेपर्यंत होतो. तुमच्या गाड्या गेल्या. तुझी जीप मधे होती. काच वर होती.

घरी आल्यावर अक्का दंड चोळत बसली. मी विचारलं, दुखतंय का? म्हणाली, "ढकललं नाय रे त्यानं. धरलं. लोकांना काय दिसायचं ते दिसू दे, मला कळलं." मग म्हणाली, "त्यो रुमाल कशाला टाकला खांद्यावर?"

तिला ती खूण ठाऊक नाही. ती रंगाच्या पलीकडची, समोर बसणारी. आणि मी सांगून बसलो, "येतो म्हणाला. न्यायला येतो."

तेव्हापासून तिनं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं आहे. दोन लुगडी, फणी, आणि तुला आमसुलं. वाटेवर ट्रकचा आवाज आला की उठून बसते. बाळा, जलशाच्या मांडावर अडकलास तर मी आत घुसू शकतो. इथं कुठून घुसू? माझ्या खोट्याचं खरं करणं फक्त तुझ्या हातात आहे. ये.

मामा


ता. १७ जुलै १९८०

श्रीपत,

दासगावापाशी सावित्रीचं पाणी रस्त्यावर आलं आणि मुंबईच्या गाड्या बंद झाल्या. इकडे कशेडीत दरड आली. दोन्हीकडून कोंडलो. अक्काला त्याचा आनंद झाला, हे तुला कसं सांगू. "बघ, म्हणून येत नाय तो. रस्ता बंद हाय." जानकीला हेच, शेजारची सोनाबाई भाजी घेऊन आली तर तिलाही हेच. पाच महिने लोकांपुढं खाली असलेली मान तिनं ह्या पावसात वर केली.

पाणी कधीच ओसरलं. दरडही गँगनं बाजूला केली. गाड्या धडाधड धावत आहेत. ती रोज विचारते, "रस्ता झाला काय रे?" आणि मी, ज्यानं जन्मभर दरडी उपसून रस्ता उघडा ठेवायची भाकरी खाल्ली, रोज सांगतो, "नाय अजून. मोठी दरड हाय." ट्रकचा आवाज आला तर म्हणतो, गँगचा ट्रक, दगड वाहतोय. परवा गणू दारात येऊन मुंबईचं काही सांगायला लागला तर मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

डॉक्टर म्हणतात, आता मुंबईला नेऊन उपयोग नाही. बसचा धक्का सोसणार नाही. म्हणजे तू आता आलास तर इस्पितळासाठी नाही. नुसता ये. तिला पेज उतरत नाही. हात मात्र त्याच दंडावर असतो.

मी तुला शिकवलं ते मी उलटं गिळायला तयार आहे. रंग लागलेला असताना समोर आई असते. असते रे. मी सांगतो, माझा शब्द मागं घेतो. तोंड धुवायला वेळ नसेल तर रंगासकट ये, गुंडाच्या कपड्यात ये, किरण देव होऊन ये. वाडीत कुणी काही विचारणार नाही. विचारील त्याला मी बघून घेईन.

हे पत्र गणूच्या हाती देतो आहे. तुझ्या हातात दिल्याशिवाय परत येऊ नको, असं बजावलं आहे.

मामा


ता. २ सप्टेंबर १९८०

श्रीपत,

गणूनं पत्र तुझ्या हातात दिलं, हे त्यानं मला सांगितलं. तू दारातच उभं राहून वाचलंस, आणि उद्या शूटिंग आहे म्हणालास, हेही सांगितलं.

अक्का काल सकाळी गेली. उजाडल्यावर जानकीनं तोंड पुसलं, तेव्हा तिनं विचारलं, "रस्ता झाला काय रे?" मी म्हटलं, "होतोय अक्का. थोडाच उरलाय." ती म्हणाली, "मग चालत येईल तो, थोडाच असंल तर." त्यानंतर बोलली नाही.

जलदान विधी येत्या रविवारी आहे. काल तार केली, ती परत आली नाही.

ह्या वेळी आवई नाही, बाळा.

मामा


ता. ११ मार्च १९८१

श्रीपत, जयभीम.

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. जलदानाच्या रविवारी तू आला नाहीस तेव्हा ठरवलं. पण म्हाताऱ्या माणसाचं ठरवणं म्हणजे कुडाचं घर, एका वाऱ्यात हलतं.

छबिन्याच्या तंबूत यंदा घाटातला सिनेमा लागला आहे. सगळी वाडी लोटली, स्वतःला बघायला. जानकी नको म्हणत होती. मीच तिला ओढून नेलं. मला तुला बघायचं नव्हतं. मला अक्काला बघायचं होतं. तिचा फोटो आम्ही कधी काढला नाही. म्हटलं, चालती-बोलती नाही तर बसलेली तरी दिसेल.

आपला घाट आला. आंबा आला. जीप आली, तू उतरलास. आणि तिला कापली आहे, श्रीपत. तोंड कुठंच नाही. एक हात आहे फक्त. ओक्या मनगटाचा हात आणि तो धरलेली तुझी मूठ, पडद्याएवढी, डोळा मिटावा इतका वेळ. लगेच मी घुसतो, हात जोडतो, खडीवर पडतो. लोक पोट धरून हसले. वाडीतली पोरं ओरडली, "काशीमामा पडला."

तू ह्यात मरत नाहीस. मी शेवटपर्यंत वाट बघितली. जीपमध्ये बसून पळतोस आणि पुन्हा दिसत नाहीस. अक्का असती तर तिला काळजी लागली असती. ह्या वेळी आयुष्य वाढलं नाही म्हणाली असती.

तुझी कंबर कशी आहे? तंबूवाला म्हणत होता, हल्ली किरण देव कुठं दिसत नाही, त्याच्या जागी आता दुसराच असतो. खरं आहे का ते?

तो हात पडद्यावरून गेला तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो. मागचे ओरडले, "ओ म्हातारबा, बसा खाली." मला बसता येईना. पुढं काय करायचं असतं ते आठवेना. घरी जायचं असतं, जेवायचं असतं, ते सगळं विसरलो. आणि माझ्या हातानं आपोआप उजव्या खांद्यावरचा रुमाल काढला आणि डाव्या खांद्यावर टाकला. तसाच उभा होतो. एवढा तंबू भरलेला, सगळी आपली माणसं, आणि कुणी जागचं हललं नाही. सयाजीराव शेजारून म्हणाले, "काशीराम, उकडतंय का?"

मी म्हटलं, हो, उकडतंय.

जलशातले सगळे गेले. ती खूण आता ह्या जगात तुला आणि मलाच ठाऊक आहे.

गाठोडं अजून दाराशी आहे. जानकी ते उचलत नाही, मी सांगत नाही. आमसुलांना पाणी सुटलं असेल. काल मी कशेडीच्या वळणापासून गणूच्या ट्रकमधून थेट दासगावपर्यंत जाऊन आलो, उगीच, रस्ता बघायला. कुठं दगड नाही, पाणी नाही, खड्डा नाही. रस्ता उघडा आहे, श्रीपत. मी अडकलो आहे.

तुझा काशीराम मामा